बॅरिस्टर बाबासाहेब आणि कामगारांचा निवाडा



नांदेड-लातूरकडची आपली मुलं आता वकील होत आहेत. काहीजण लवादाच्या कामाकडे वळू पाहतात. लवाद म्हणजे दोन्ही बाजूंनी मानलेल्या तिऱ्हाइतानं कोर्टाबाहेर दिलेला निवाडा. आपल्या वाडवडिलांना हा प्रकार नवा नव्हता. गावच्या पारावर पंच बसायचे आणि आपली माणसं पाराखाली लांब उभी राहून ऐकायची. या तरुण वकिलांसाठी परमपूज्य डॉ. बाबासाहेबांच्या वकिलीची हकीकत सांगतो. जयंतीच्या भाषणांत ती फारशी येत नाही.

१९२२ साली बाबासाहेब लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. १९२३ मध्ये मुंबईला परतले, तेव्हा सनदेपुरतेही पैसे जवळ नव्हते. नवल भथेना या पारशी मित्रानं मदत केली. पण नुसत्या सनदेनं पक्षकार येतात का? सॉलिसिटर लोक अस्पृश्य बॅरिस्टरकडे काम देईनात. मग हायकोर्टाच्या अपिलांसोबत जिल्ह्यांच्या कोर्टांतले कज्जे घ्यावे लागले. घर भागावं म्हणून १९२५ ते १९२८ बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. राहणं परळच्या बीआयटी चाळीत, गिरणीकामगारांच्या शेजारी.

१९२६ च्या जुलैत लाडका राजरत्न गेला. त्याच ऑक्टोबरात 'देशाचे दुश्मन' पुस्तकाच्या खटल्यात शिक्षा झालेल्या केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर आणि त्यांच्या साथीदारांना बाबासाहेबांनी पुण्यात अपिलात सोडवलं. पोटचा मुलगा गमावलेल्या बापानं हे काम कसं उभं केलं असेल, याचा विचार आपल्या वकिलांनी जरूर करावा. या खटल्यानं वकील म्हणून त्यांचं नाव झालं.

मला मात्र त्याहून मोठी वाटते ती १९२८ च्या गिरणी संपातली गोष्ट. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे आपल्या माणसाला मज्जाव. का, तर धोट्याच्या भोकातून दोरा तोंडानं ओढावा लागे आणि आपल्या तोंडाचा धोटा इतरांना चालत नसे! मालकाविरुद्ध एकजुटीच्या गर्जना करणारे कामगारच हा विटाळ पाळत होते. संपाच्या मागण्यांत ही बंदी उठवण्याचं कलम घाला, असा आग्रह बाबासाहेबांनी धरला. पुढाऱ्यांनी नाइलाजानं ते घातलं. ऑक्टोबरात संप मिटला, प्रकरण न्यायमूर्ती फॉसेट यांच्या समितीकडे चौकशीला गेलं. बंदी काही लगेच उठली नाही. पण वाटाघाटीच्या कागदावर आपलं गाऱ्हाणं पहिल्यांदा चढलं. कागदावर नाही त्याचा निवाडा कोण करणार?

१९३८ मध्ये मुंबई सरकारनं औद्योगिक तंट्यांचा कायदा आणला. आधी समेटाची सगळी पायरी चढा, तोवर संप केलात तर गुन्हा, अशी त्याची तऱ्हा. स्वतः कायदेपंडित असून बाबासाहेबांनी विधानसभेत त्याला कडाडून विरोध केला. समेटाला त्यांची ना नव्हती. पण काम नाकारण्याचा हक्क काढून घेतला तर कामगार गुलाम होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ७ नोव्हेंबर १९३८ ला त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं कम्युनिस्टांसोबत एक दिवसाचा संप घडवला. माझ्यासारख्या गिरणीवाल्याला हे लगेच कळतं. हात बांधलेल्या माणसाशी मालक तडजोड कशाला करील?

१९४२ च्या जुलैत तेच बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. ऑगस्टमध्ये दिल्लीला सरकार, मालक आणि कामगार अशी त्रिपक्षीय परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. तिघंही एका पातळीवर बसले. पाराखाली कुणी नाही. १९४३ मध्ये मालकांनी युनियनला मान्यता द्यावी म्हणून त्यांनी विधेयक मांडलं. त्यांनी चौदा तासांचे आठ तास केले असं आपण भाषणांत ठोकून देतो. खरा हिशोब असा, की १९४६ च्या दुरुस्ती कायद्यानं कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. सहा तासांची ही सुटका देशभरच्या कामगाराला मिळाली, आपल्याला विणकाम खात्याबाहेर ठेवणाऱ्यांनासुद्धा.