दादरच्या एस. के. बोले रोडला ज्यांचं नाव आहे, ते बोले नेमके कोण?

सिद्धिविनायकाला गेला असाल, पोर्तुगीज चर्चजवळ बस पकडली असेल, तर एस. के. बोले रोड तुमच्या पायाखालून गेलाच आहे. पण बोले कोण, हे विचारलं तर दादरकरही डोकं खाजवतात.

आधी थोडं कॉम्प्युटरबद्दल. लिनक्ससारख्या सिस्टीमवर एकाच मशीनवर अनेक जण काम करतात, तेव्हा प्रत्येक फाईलसोबत तीन नोंदी असतात : मालकाला काय करता येईल, ठराविक ग्रुपला काय करता येईल आणि बाकी सगळ्यांना काय. फाईल उघडायला गेलात की सिस्टीम आधी बघते, तुम्ही मालक आहात का? नसाल तर, ग्रुपमध्ये आहात का? असाल तर तिथेच निकाल लागतो. आता गंमत बघा. ग्रुपला मनाई आणि बाकी सगळ्यांना परवानगी, अशीही फाईल बनवता येते. मग अख्ख्या जगाला ती उघडते, फक्त त्या ग्रुपमधल्यांना नाही. दोष एवढाच, की त्यांचं नाव त्या यादीत आहे.

शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडचे पाणवठे असेच होते. महाडच्या चवदार तळ्यावर मुसलमान, ख्रिश्चन पाणी भरायचे, गुरंढोरं प्यायची. अस्पृश्य म्हणून ज्यांची नोंद होती, त्यांनाच बंदी. अर्थात फाईलला तहान लागत नाही, त्यामुळे ही तुलना इथेच सोडू.

तर सीताराम केशव बोले. भंडारी समाजातले, मुंबईतल्या ब्राह्मणेतर चळवळीतलं मोठं नाव, पुढे रावबहादूर. 1909 साली गिरणी कामगारांसाठी कामगार हितवर्धक सभा सुरू झाली, तिच्या संस्थापकांपैकी ते एक. तेव्हा आजच्यासारख्या युनियन नव्हत्या. अर्ज, निवेदनं, सभा, असं ते काम चालायचं.

त्याच्या दोन वर्षं आधीची एक गोष्ट. परळच्या चाळीत राहणारा भीमराव नावाचा मुलगा 1907 साली मॅट्रिक झाला. चर्नी रोडच्या बागेत तो वाचत बसायचा, तिथेच कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी त्याला हेरलं होतं. भीमरावाचा सत्कार झाला तेव्हा अध्यक्ष होते बोले, आणि केळूसकरांनी आपलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. पुढे त्या मुलाचे बाबासाहेब आंबेडकर झाले.

आता मुख्य भाग. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदेमंडळात बोल्यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा सरकारनं नेमलेल्या संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात. सरकारी शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखानेसुद्धा. पुढच्याच महिन्यात सरकारनं तसा आदेश काढला. महाड नगरपालिकेनंही 5 जानेवारी 1924 ला तळं खुलं केलं.

कागदावर.

इथे पुन्हा कॉम्प्युटर आठवतो. फाईल सगळ्यांना खुली केली, पण ती ज्या फोल्डरात आहे त्यात शिरायचीच परवानगी नसेल, तर काही उपयोग नाही. ठराव मुंबईत झाला होता, तळ्याच्या पायऱ्या मात्र गावच्या ताब्यात होत्या. मारहाणीच्या भीतीनं कोणी तिकडे फिरकत नव्हतं.

बोल्यांना हे कळत होतं. 5 ऑगस्ट 1926 ला त्यांनी दुसरा ठराव आणला. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं पहिला ठराव पाळत नाहीत, त्यांचं सरकारी अनुदान बंद करा. खिशाला हात घालायची ही आयडिया, माझ्या मते, पहिल्या ठरावापेक्षा जास्त व्यवहारी होती.

त्याच वर्षी दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात वाद पेटला. वर्गणी सगळ्यांची, मग पूजा ठराविक लोकांचीच का, असा प्रबोधनकार ठाकऱ्यांचा सवाल होता. आंबेडकर आणि बोलेही त्यात उतरले. शेवटी तडजोड झाली : दलित कार्यकर्त्यानं फुलं पुजाऱ्याच्या हाती द्यायची, पुजाऱ्यानं ती गणपतीला वाहायची. म्हणजे दार अर्धंच उघडलं. त्यानंतर दादरमध्ये सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू झाला, त्यातही बोले होते.

20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. परतणाऱ्यांवर गावात हल्ले झाले, सनातन्यांनी तळ्याचं शुद्धीकरण केलं. आणि 4 ऑगस्ट 1927 ला, बोल्यांच्या ठरावाला बरोब्बर चार वर्षं झाली त्या दिवशी, महाड नगरपालिकेनं आपला 1924 चा ठराव मागे घेतला. दिलेली परवानगी काढून घेतली.

प्रकरण कोर्टात गेलं. अस्पृश्यांना तळ्यावर बंदी ही पूर्वापार रूढी आहे, असा विरोधकांचा दावा होता. 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टानं तो फेटाळला. बोल्यांचा ठराव होऊन तेव्हा साडेतेरा वर्षं झाली होती.