गद्दार की वफादार? इब्राहिम खान गारदी

निवडणुका आल्या की गद्दार हा शब्द गल्लीबोळात फार स्वस्त होतो. पण मालक बदलला की माणूस गद्दार ठरतोच का? हा विषय निघाला की आम्हाला इब्राहिम खान गारदी आठवतात.

इब्राहिम खान मूळचे निजामाच्या नोकरीतले. फ्रेंच सेनानी बुसीच्या पद्धतीने कवायती पलटण आणि तोफखाना चालवायला ते तिथेच शिकले. पुढे ती नोकरी सुटली आणि ते पेशव्यांच्या चाकरीत आले. १७६० साली उदगीरला निजामाचा पराभव झाला, तेव्हा ते मराठ्यांच्या बाजूने लढत होते. म्हणजे कालच्या मालकावरच आज तोफा! पण ही नोकरी त्यांनी उघडपणे धरली होती. त्या काळात सिपाहीगिरी हा पेशाच होता, तनखा देईल त्याची चाकरी. याउलट मीर जाफर बघा. १७५७ ला प्लासीत ते नवाब सिराजुद्दौलाच्याच फौजेत उभे होते, आणि आतून कंपनीशी करार झालेला. बाजू बदलणे वेगळे, दगा देणे वेगळे.

(गारदी हे नाव पुढे बदनाम झाले ते १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला म्हणून. त्याचा इब्राहिम खानांशी काही संबंध नाही, ते तर बारा वर्षं आधीच गेले होते.)

खरी कसोटी पानिपतला लागली. समोर अहमदशाह अब्दाली, नजीबखान, रोहिले, अवधचे शुजाउद्दौला. सगळे हममजहब. इकडे मराठ्यांच्या छावणीत दाणा नाही, वैरण नाही, उपासमार सुरू. पलीकडे जायचं निमित्त शोधायला वेळ भरपूर होता. खान गेले नाहीत.

काशीराज पंडित शुजाउद्दौलाच्या नोकरीत होते, म्हणजे विरुद्ध छावणीतले साक्षीदार. त्यांनी लिहून ठेवलंय की १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी खान सदाशिवराव भाऊंकडे गेले. पलटणीचा तनखा वेळेवर मिळावा म्हणून आपण नेहमी हट्ट धरला, त्यामुळे भाऊ नाराज होते, हे त्यांनी कबूल केलं. या महिन्याचा तनखा मिळालेलाच नाही, तरी आज आपलं कर्तव्य बजावू, असं सांगून ते निघाले. पगारासाठी भांडणारा माणूस बिनपगारी मरायला निघाला, हे आमच्या मते तरी लहान नाही.

मग त्यांच्या पलटणी संगिनी रोखून रोहिल्यांवर तुटून पडल्या. रोहिल्यांचे हजारो लोक पडले, पण गारद्यांच्याही बहुतेक पलटणी तिथेच संपल्या. स्वतः खान जबर जखमी होऊन शुजाउद्दौलाच्या माणसांच्या हाती लागले. शुजाने त्यांना लपवून ठेवलं, गुपचूप लखनौला पाठवायचा विचारही होता. पण अब्दालीच्या लोकांना खबर लागली, मोठा गोंधळ झाला आणि खानांना त्यांच्या हवाली करावं लागलं. जखमांवर विष घातलं गेलं आणि आठवड्याभरात कैदेतच त्यांचा इंतकाल झाला, असं काशीराज सांगतात.