कल्याणच्या आनंदीबाई आणि हवेतला जंतू

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत आपल्या गावच्या माणसाबद्दल काहीतरी लिहावं, असं ठरवलं आणि पहिलं नाव आलं डॉ. आनंदीबाई जोशी यांचं.

३१ मार्च १८६५ चा जन्म. माहेरचं नाव यमुना. बालपण कल्याणात गेलं. नवव्या वर्षी टपाल खात्यातल्या गोपाळराव जोशींशी लग्न झालं. चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांतच गेलं. बायकांसाठी बाई डॉक्टर हवीच, हे त्यांच्या मनानं घेतलं. १८८३ मध्ये नवऱ्याला मागे ठेवून त्या कलकत्त्याहून बोटीनं अमेरिकेला निघाल्या. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूकही मिळाली. पण तोवर क्षयानं शरीर पोखरलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी नव्हती.

त्या बोटीत बसण्याच्या वर्षभर आधीच बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला होता. शत्रू कळला, पण औषध नव्हतं. तो हवेतून येतो हे पक्कं व्हायला तर आणखी पाऊणशे वर्षं गेली. हवेत हे जंतू इतके विरळ असतात की नेहमीच्या पद्धतीनं सापडत नाहीत. म्हणून १९५०च्या दशकात बाल्टिमोरला वेल्स आणि रायली यांनी क्षयाच्या वॉर्डातली हवा नळीनं वरच्या पिंजऱ्यांत सोडली. तिथल्या गिनिपिगांचा रुग्णांशी काहीच संबंध नव्हता, तरी त्यांना क्षय झाला. तीच हवा अतिनील किरणांतून नेली, तेव्हा प्राणी वाचले.

माझ्या मुलीला टीबी झाला तेव्हा कुणी तिचा पेला वेगळा ठेवला, तर कुणी लिफ्टचं बटण पुसलं. मंडळी, टीबी पेल्यातून पसरत नाही, कोंडलेल्या हवेतून पसरतो. सहा महिने गोळ्या घेऊन ती ठणठणीत झाली, आता रोज लोकल पकडते. आनंदीबाईंच्या नशिबी नसलेलं हे औषध आज सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

तेव्हा बाल्कनीच्या सरकत्या काचा रोज उघडा, जिन्याच्या खिडक्यांपुढचं सामान हलवा आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. आणि शेजारी कुणाला टीबी झालाच, तर त्याच्या दारावरून तोंड फिरवून जाऊ नका.