धम्मभूमीचा हरवलेला नकाशा : अलेक्झांडर कनिंगहॅम

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत ज्या माणसाची ओळख आम्ही करून देत आहोत, तो बौद्ध नव्हता, भारतीयही नव्हता. पण आज आपण बायकामुलांसह श्रावस्ती, कुशीनगर, वैशालीच्या सहलीला निघतो, स्टेशनवर उतरून रिक्षावाल्याला गावाचं नाव सांगतो आणि तो बिनचूक नेऊन सोडतो, त्यामागे या माणसाची पन्नास वर्षांची पायपीट आहे.

अलेक्झांडर कनिंगहॅम यांचा जन्म २३ जानेवारी १८१४ रोजी लंडनमध्ये झाला. वडील ॲलन कनिंगहॅम हे स्कॉटलंडचे कवी. मुलाने लष्करी इंजिनिअरचे शिक्षण घेतले आणि १८३३ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो बंगालच्या फौजेत दाखल झाला. कलकत्त्यात त्यांची गाठ टांकसाळीत काम करणाऱ्या जेम्स प्रिन्सेप यांच्याशी पडली. १८३७ साली अशोकाची ब्राह्मी लिपी उलगडणारे ते हेच प्रिन्सेप. त्यांच्या सहवासात तरुण कनिंगहॅमना जुनी नाणी आणि शिलालेखांचे वेड लागले.

त्यावेळी आपल्या धम्मस्थळांची काय अवस्था होती, हे आजच्या पोरांना सांगूनही खरं वाटायचं नाही. सारनाथला बनारसच्या एका दिवाणाच्या माणसांनी १७९४ मध्ये बाजार बांधण्यासाठी एका स्तूपाच्या विटा काढून नेल्या होत्या. १८३५ मध्ये कनिंगहॅमनी स्वतःच्या खिशातून खर्च करून धमेक स्तूपाच्या माथ्यावरून विहिरीसारखे सरळ खाली खोदकाम केले. तिथे सापडलेल्या कितीतरी मूर्ती मागे राहिल्या आणि पुढे त्यातल्या पुष्कळशा वरुणा नदीवरच्या पुलाच्या कामात पाण्यात टाकल्या गेल्या. कुणाला त्याचे काही वाटले नाही, कारण त्या मूर्ती कुणाच्या, हे सांगणारे कुणी उरलेच नव्हते.

मग हे हरवलेले गाव शोधायचे कसे? इथे कामी आले दोन चिनी भिक्खू. फाहियान पाचव्या शतकाच्या सुरुवातीला आणि ह्युएनत्संग सातव्या शतकात भारतात आले होते. अमक्या नगरीतून तमक्या दिशेला इतके अंतर चालले की स्तूप, नदीच्या काठाला विहार, अशी नोंद त्यांनी जागोजागी करून ठेवली. एकोणिसाव्या शतकात या प्रवासवर्णनांची फ्रेंच भाषांतरे झाली आणि कनिंगहॅमना जणू वाटाड्याच मिळाला. त्यांनी ह्युएनत्संगाचे सहा ली म्हणजे साधारण एक मैल असा हिशेब धरला. एक ठिकाण पक्के झाले की तिथून दिशा आणि अंतर मोजून नकाशावर पुढचे ठिकाण गाठायचे. नंतर प्रत्यक्ष जाऊन टेकाड पाहायचे, गावाचे नाव विचारायचे, विटांची लांबीरुंदी मोजायची, लेख सापडतो का ते बघायचे. नुसत्या कागदावर विसंबायचे नाही आणि नुसत्या ऐकीव गोष्टींवरही नाही.

या रीतीने १८४२ मध्ये संकिसा गाव म्हणजे प्राचीन संकाश्य हे त्यांनी ओळखले. लष्करातून निवृत्त झाल्यावर १८६१ मध्ये सरकारने त्यांना पुरातत्त्व सर्वेक्षक नेमले. मग बसाढ म्हणजे वैशाली, कसया म्हणजे कुशीनगर, कोसम म्हणजे कौशांबी, बडगाव म्हणजे नालंदा अशी एकेक गाठ सुटत गेली. सहेत-महेतच्या उकिरड्यासारख्या टेकाडात बोधिसत्त्वाची भव्य मूर्ती निघाली. तिच्यावर भिक्खू बल यांच्या दानाचा लेख होता आणि त्यात श्रावस्तीचे नाव होते. १८७१ साली त्यांनी बौद्धकाळातील भारताच्या प्राचीन भूगोलाचा ग्रंथ तेरा नकाशांसह छापला. १८७३ मध्ये भरहुतचा स्तूप त्यांच्या नजरेस पडला. गावकऱ्यांनी दगड घरांना लावले होते, उरलेला कठडा त्यांनी कलकत्त्याच्या संग्रहालयात हलवला म्हणून आज जातककथांची ती शिल्पे पाहायला मिळतात. बुद्धगयेच्या महाबोधी विहाराची दुरुस्ती आधी ब्रह्मदेशच्या राजाच्या माणसांनी सुरू केली होती. १८८० नंतर सरकारने ती हाती घेतली, तेव्हाही कनिंगहॅम त्या कामाशी निगडित होते.

पण आम्हाला त्यांची नुसती आरती ओवाळायची नाही. बाबासाहेबांनी आपल्याला चिकित्सा शिकवली आहे. १८४३ साली संकिसाच्या शोधाविषयी त्यांनी कर्नल साइक्स यांना लिहिले. हे साइक्स आपल्या दख्खनमध्ये काम केलेले अधिकारी. त्यात कनिंगहॅमनी या शोधाचा फायदा सांगताना राज्यकारभार आणि ख्रिस्ती धर्मप्रसार यांचाही हिशेब मांडला होता. बौद्ध धम्म परत उभा राहावा, हा त्यांचा हेतू नव्हता. १८५१ मध्ये सांची परिसरात सारिपुत्त आणि महामोग्गलान यांचे अस्थिकरंडक निघाले आणि त्यातल्या अस्थी विलायतेला गेल्या. त्या परत येऊन सांचीच्या नव्या विहारात विराजमान व्हायला १९५२ साल उजाडले. १८८५ मध्ये त्यांचा बराच संग्रह घेऊन निघालेले जहाज सिलोनजवळ बुडाले. ते दगड कायमचे गेले.

चुकाही झाल्या. बस्ती जिल्ह्यातले भुइला हेच कपिलवस्तू, असे त्यांच्या सहकाऱ्याने ठरवले आणि त्यांनी मान्य केले. २८ नोव्हेंबर १८९३ रोजी ते वारले आणि तीनच वर्षांनी, १८९६ मध्ये, नेपाळच्या तराईत लुंबिनीचा अशोकस्तंभ उजेडात आला. नकाशा बदलावा लागला. हडप्प्याच्या विटा लाहोर-मुलतान रेल्वेच्या सुमारे शंभर मैल मार्गाखाली भराव म्हणून गेल्या, तिथली एक मुद्रा त्यांनी १८७५ मध्ये छापली, पण ती परकी समजले. एवढी मोठी संस्कृती त्यांच्या हातात येऊनही निसटली. चिनी भिक्खूंच्या वाटेवर जे नव्हते, ते त्यांना दिसले नाही.

तरीही ऋण मानायचे ते मानलेच पाहिजे. आपल्या पूर्वजांची गावे जमिनीत गाडली होती आणि तिथल्या लोकांना टेकाडाचे नावसुद्धा आठवत नव्हते. परक्या माणसाने परक्याच हेतूने नकाशा काढला. त्यावर आपली पावले उमटवायचे काम आपले आहे. म्हणून आमची एवढीच विनंती आहे. पुढच्या सहलीला निघताना नुसते रेल्वेचे वेळापत्रक घेऊ नका. नकाशा घ्या, मुलांना मांडीवर बसवून बोटाने वाट दाखवा. आणि आपल्या स्वतःच्या तालुक्यातले लेणे, टेकाड, शिलालेख यांची नोंद ठेवा. दगड उचलून घरी आणू नका, वर रंग फासू नका, नाव कोरू नका. एकदा जागेची ओळख गेली की ती परत मिळवायला शतके लागतात.

नमो बुद्धाय! जय भीम!