मधुमेह्यांचे जीवनदाते सर फ्रेडरिक बँटिंग

शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं ज्या मुलास मधुमेह जडे, त्याच्या मातापित्यांस त्याचें मरण उघड्या डोळ्यांनीं पाहण्यावांचून गत्यंतर नसे. डॉक्टरांपाशीं उपासमारीच्या पथ्याखेरीज दुसरा उपाय नव्हता. हें दुःख ज्यांनीं हलकें केलें, त्या सर फ्रेडरिक बँटिंग यांचें चरित्र मननीय आहे.

त्यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजीं कॅनडांतील अ‍ॅलिस्टन गांवानजीक एका मेथडिस्ट शेतकऱ्याच्या घरीं झाला. पुत्रानें धर्मोपदेशक व्हावें अशी मातापित्यांची इच्छा होती. कॉलेजांत पहिल्याच वर्षीं ते अनुत्तीर्ण झाले. तथापि धीर न सोडतां ते वैद्यकाकडे वळले व डॉक्टर झाले. १९१८ सालीं महायुद्धांत स्वतः जखमी असतांही त्यांनीं इतर जखमींची शुश्रूषा केली.

१९२१ च्या उन्हाळ्यांत टोरॉंटो विद्यापीठांत, प्रोफेसर मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेंत, चार्ल्स बेस्ट या तरुण साहाय्यकासह त्यांनीं कुत्र्यांवर प्रयोग करून स्वादुपिंडाचा अर्क काढला. ११ जानेवारी १९२२ रोजीं तो लिओनार्ड थॉम्प्सन नामक १४ वर्षांच्या मरणोन्मुख मुलास टोंचण्यांत आला; पण अर्क अशुद्ध असल्यानें प्रयत्न फसला. जेम्स कॉलिप यांनीं तो शुद्ध केला, आणि २३ जानेवारीपासून मुलास उतार पडूं लागला. तो आणखी तेरा वर्षें जगला. हा अर्क म्हणजेच इन्सुलिन होय.

१९२३ सालीं बँटिंग व मॅक्लाउड यांस नोबेल पारितोषिक मिळालें. बँटिंग यांनीं आपल्या वांट्याची अर्धी रक्कम बेस्ट यांस दिली. त्याहूनही थोर गोष्ट ही कीं, बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनीं पेटंटाचे हक्क विद्यापीठास अवघ्या एकेका डॉलरास देऊन टाकले. कोणा एका व्यापाऱ्यानें हें औषध अडवून धरूं नये, हा त्यांतील हेतु. १९४१ सालीं न्यूफाउंडलंड येथें विमानाच्या अपघातांत, वयाच्या ४९ व्या वर्षीं, बँटिंग यांचा अंत झाला.

इन्सुलिनानें मधुमेह समूळ जात नाहीं. ज्यांस तें लागतें त्यांनीं डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणें तें नित्य घ्यावें. आपल्या मतानें मात्रा वाढवूं नये, कमी करूं नये, अथवा बंद करूं नये. परंतु आजही कित्येक गरिबांची चिठ्ठी पैशाअभावीं औषधाच्या दुकानांतून तशीच परत येते. विद्यार्थिमित्रहो, १४ नोव्हेंबर हा आपला बालदिन. बँटिंग यांचा जन्मदिवस म्हणून तोच जागतिक मधुमेहदिनही आहे. एका डॉलरास दिलेलें तें दान गरिबाच्या दारापर्यंत पोंचविण्याचें काम अद्याप उरलें आहे, हें त्या दिवशीं आठवावें.