जात्यावरची ओवी आणि इंद्रियानुभव : बहिणाबाई चौधरी

बहिणाबाई चौधरी यांच्या चरित्राचा विचार करताना निरक्षर असूनही त्यांनी कविता रचली, याच आश्चर्यावर आपल्या समीक्षेचा भर राहिला आहे. अक्षरांवाचून त्यांच्या काव्यदृष्टीची घडण कशी झाली, हा प्रश्न मात्र त्या आश्चर्यात झाकला जातो. प्रस्तुत टिपणात त्यांच्या जीवनक्रमाच्या आधारे या प्रश्नाकडे लक्ष वेधावयाचे आहे.

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली जळगावनजीकच्या आसोदे या गावी महाजनांच्या शेतकरी कुटुंबात झाला. वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तिशीच्या सुमारास वैधव्य आले. ओंकार, सोपानदेव आणि काशी ही तीन मुले, शेत आणि घर यांचा भार त्यांनी वाहिला. चूल, जाते, मोट आणि खळे हेच त्यांचे अनुभवविश्व होते.

दळताना एक हात जात्याच्या खुंट्याला गुंतलेला, दुसरा घास टाकणारा. कानी घरघर आणि नाकाशी ताज्या पिठाचा वास. या श्रमात दीर्घ रचनेला अवकाश नसतो. फेऱ्यांच्या लयीत बसेल आणि स्मरणात टिकेल, एवढाच चरण उपयोगी पडतो. बहिणाबाईंच्या अनेक गाण्यांतील आठ-आठ अक्षरांचे चार चरण आणि ठसठशीत यमक यांचा उगम या श्रमलयीत शोधावा लागतो. लिहिता न येणाऱ्या कवयित्रीसाठी यमक हा अलंकार नव्हता. ती स्मरणाची सोय होती.

त्यांचे चिंतनही इंद्रियांच्या वाटेनेच येते. तव्याच्या चटक्यातून संसाराचा अर्थ उमगतो, पिकात शिरणाऱ्या ढोरात मनाची चंचलता दिसते, सुगरणीच्या खोप्यातून निर्मितीचे कौतुक प्रकटते. अमूर्त कल्पनेला दृष्टान्ताची जोड देण्याची ही रीत नव्हे. येथे आधी स्पर्श आहे, मग विचार.

ही गाणी सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी वेळोवेळी टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईंचे निधन झाले. त्यानंतर सोपानदेवांनी ती आचार्य अत्रे यांना दाखविली आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. आपला संग्रह कवयित्रीला पाहावयास मिळाला नाही. पुढे अत्र्यांच्याच कन्या शिरीष पै यांनी मराठीत हायकू रुजविला, हा योगायोग लक्षणीय आहे. हायकू इंद्रियानुभवाच्या क्षणापाशी थांबतो. बहिणाबाईंची ओवी त्या क्षणातून जीवनाच्या निष्कर्षाकडे जाते. अल्पाक्षरत्व समान असले, तरी त्याची प्रयोजने भिन्न आहेत.

धुळ्यात १९२७ साली राजवाड्यांच्या स्मरणार्थ संशोधन मंडळ स्थापन झाले आणि जुन्या कागदपत्रांना आश्रय लाभला. त्या काळात खानदेशातील घराघरांत जात्यावर उमटणाऱ्या ओव्यांना मात्र दप्तर नव्हते. बहिणाबाईंच्या घरात टिपणारे हात होते, म्हणून त्यांची गाणी आपल्यापर्यंत पोहोचली. अन्य कितीतरी गळ्यांबरोबर त्यांच्या ओव्याही विरल्या असतील. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. त्या नावाचा मान राखावयाचा, तर वर्गात ही कविता केवळ छापील पानावरून शिकवून भागणार नाही. ती मोठ्याने म्हटली जावी, तिच्या बोलीचे उच्चार कानी पडावेत, आणि ज्यांच्या घरी वृद्ध स्त्रियांना ओव्या आठवतात, त्या विद्यार्थ्यांनी वही उघडावी.