कॉपी-पेस्टचं काम मशीनवर सोपवणाऱ्या ग्रेस हॉपर



जुन्या प्रोजेक्टमधला कोडचा तुकडा उचलायचा आणि नव्यात चिकटवायचा, हे आपण सगळेच करतो. मीही करतो. तारीख नीट दाखवणं, मोबाईल नंबर दहा आकडी आहे का ते तपासणं, असे तुकडे मी एका फाईलमध्ये साठवूनच ठेवलेत. पण हे उचलणं-चिकटवणं मशीननंच करावं, असं सत्तरहून जास्त वर्षांपूर्वी एका बाईंच्या डोक्यात आलं आणि त्यातून कंपायलरची सुरुवात झाली. आज त्यांचीच गोष्ट.

सात घड्याळं आणि एक अवाढव्य मशीन

ग्रेस हॉपर यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कमधला. लहानपणी गजराचं घड्याळ आतून कसं चालतं ते बघायला त्यांनी एक उघडलं. ते परत जुळेना, म्हणून दुसरं उघडलं. असं करत घरातली सात घड्याळं खोलून झाली. पुढे १९३४ मध्ये त्यांनी येल विद्यापीठातून गणितात पीएचडी केली. वासर कॉलेजात त्या त्याआधीपासूनच शिकवत होत्या.

दुसरं महायुद्ध सुरू होतं. वय सदतीस, वजन नियमापेक्षा कमी, तरी खास परवानगी काढून त्या अमेरिकी नौदलात गेल्या. १९४४ मध्ये त्यांना हार्वर्डला पाठवलं. तिथे होता मार्क १ हा कॉम्प्युटर. लांबी सुमारे १५ मीटर आणि वेग सेकंदाला जेमतेम तीन बेरजांचा! प्रोग्राम द्यायचा तो कागदी पट्टीवर भोकं पाडून. याच मशीनचं ५०० हून जास्त पानांचं मॅन्युअलही हॉपरबाईंनी लिहिलं. डॉक्युमेंटेशनचा कंटाळा करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

वहीतले स्निपेट्स

हार्वर्डला हॉपर आणि त्यांचे सहकारी रिचर्ड ब्लॉक, रॉबर्ट कॅम्पबेल यांच्याकडे वह्या असायच्या. साइन काढायचा कोड एकानं नीट चालवून दाखवला, की दुसरा तो आपल्या वहीत उतरवून घ्यायचा. आजच्या भाषेत हे स्निपेट्सच.

१९४९ मध्ये हॉपर युनिव्हॅक कॉम्प्युटर बनवणाऱ्या एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या. तिथे त्यांच्या एक गोष्ट नीट लक्षात आली. तुकडा बरोबर असतो, चूक होते ती माणूस तो उतरवतो तेव्हा. मोकळ्या जागेसाठी वापरायचं त्रिकोणी चिन्ह कुणी ४ वाचायचं, कुणाच्या हातून बी अक्षराचा १३ व्हायचा. शिवाय प्रत्येक तुकड्यातले पत्ते शून्यापासून सुरू व्हायचे. तो तुकडा मोठ्या प्रोग्राममध्ये घालायचा, तर आतल्या प्रत्येक पत्त्यात ठरावीक आकडा मिळवावा लागे. एक बेरीज चुकली, की सगळा प्रोग्राम बोंबलला.

उतरवणं आणि बेरीज करणं, ही तर मशीनची हुकमी कामं. मग ती माणसानं का करायची?

१९५२ मध्ये हॉपर यांनी ए-० तयार केला. तपासलेले सगळे तुकडे टेपवर ठेवले आणि प्रत्येकाला एक नंबर दिला. प्रोग्रामरनं फक्त नंबर आणि लागणारी माहिती लिहायची. तुकडे शोधणं, पत्ते बदलणं, सगळं जोडून पूर्ण प्रोग्राम देणं हे कॉम्प्युटर करायचा. आजच्या हिशेबानं हे काम लिंकरच्या जास्त जवळचं, पण कंपायलर हे नाव त्यांनी यालाच दिलं. गंमत म्हणजे सुरुवातीला त्याला कुणी हात लावेना. कॉम्प्युटर गणितं करतो, प्रोग्राम लिहीत नाही, अशीच लोकांची ठाम समजूत होती.

कॉम्प्युटरला इंग्रजी येत नाही

पुढची पायरी मला सगळ्यात भारी वाटते. ऑफिसातल्या लोकांना गणिती चिन्हं नकोशी वाटतात, म्हणून हॉपर यांनी साध्या इंग्रजी शब्दांत प्रोग्राम लिहायची सोय केली. ती फ्लो-मॅटिक भाषा. कंपनीच्या वरिष्ठांना दाखवताना त्यांनी तोच प्रोग्राम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवला. वरिष्ठ हादरलेच! अमेरिकेत बनलेल्या मशीनला फ्रेंच कसं येईल? खरं तर मशीनला इंग्रजीही येत नव्हतं. शब्द कुठलाही असो, त्याच्यासाठी ती बिट्सची एक रांग. तो नियम आजही तसाच आहे. कोडिंगच्या कमांड इंग्रजीत आहेत, याचं कारण माणसांच्या सवयीत आहे.

१९५९ मध्ये कोबॉल ही भाषा ठरवायला समिती बसली. हॉपर तिच्या सल्लागार होत्या आणि कोबॉलवर फ्लो-मॅटिकची मोठी छाप पडली. त्या एकट्यांनी कोबॉल बनवली, असं मात्र म्हणता येत नाही. अनेक बँकांचे व्यवहार आजही कोबॉलवर चालतात.

तो प्रसिद्ध पतंग

९ सप्टेंबर १९४७ ला मार्क २ च्या रिलेमध्ये एक पतंग, म्हणजे दिव्याभोवती फिरणारा किडा, अडकलेला सापडला. तो वहीत चिकटवून ठेवला गेला. बग हा शब्द यातून आला असं नेटवर वाचायला मिळतं, पण इंजिनिअर तो त्याच्या कितीतरी आधीपासून वापरत होते. किडाही हॉपर यांनी शोधला नव्हता. ही गोष्ट जगभर सांगितली ती त्यांनी. मला त्या वहीची सवय जास्त मोलाची वाटते. बग सापडला की तारीख, वेळ, जागा आणि पुरावा लिहून ठेवायचा.

हातभर नसलेली तार

नौदलानं १९६६ च्या शेवटी त्यांना निवृत्त केलं आणि १९६७ मध्ये परत बोलावलं. शेवटी १९८६ मध्ये, ७९ व्या वर्षी, त्या रिअर ॲडमिरल म्हणून बाहेर पडल्या. भाषणांत त्या सुमारे ३० सेंटिमीटरची तार वाटायच्या. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात, म्हणजे एका नॅनोसेकंदात, वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर कापू शकते. तुमच्या फोनचा प्रोसेसर ३ गिगाहर्ट्झचा असेल, तर त्याच्या एका ठोक्यात जेमतेम १० सेंटिमीटर. चिप इतकी लहान का, ते यावरून कळतं.

१ जानेवारी १९९२ ला हॉपर गेल्या.

त्यांच्याकडून मी एक नियम घेतलाय. तोच तुकडा तिसऱ्यांदा पेस्ट करायची वेळ आली, की थांबायचं, त्याचं फंक्शन करायचं, कळेल असं नाव द्यायचं आणि एकदा नीट तपासायचं. तुकडा मित्राकडून आलेला असो की एआयकडून, तुमच्या प्रोग्राममध्ये घालताना त्यातले आकडे, नावं, पत्ते बदलतात, आणि चूक बहुतेक तिथेच होते. आजच तुमचा एखादा जुना प्रोजेक्ट उघडा आणि एकच तुकडा किती ठिकाणी चिकटवलाय ते मोजून बघा.